चिमण्या मोजायची वही: बार्शी, जानेवारी २०२४ ते जानेवारी २०२५

१४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी

सकाळी सकाळी कॉलनीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. कोपऱ्यावरच्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर काढावा म्हणून अर्ज. कारणं तीन दिलेली: लोकांची तब्येत, इमारतीवरचा भार आणि ‘परिसरातील चिमण्या नामशेष झाल्या आहेत’. पंचेचाळीस सह्या झालेल्या. माझ्या सहीला वजन आहे म्हणे, कारण माझी एकतीस वर्षं दूरसंचार खात्यात टेक्निशियन म्हणून गेली.

मी म्हटलं, पहिल्या दोन कारणांचं नंतर बघू, पण चिमण्या आधी किती होत्या आणि आता किती आहेत? ते म्हणाले, “काका, तुम्हाला दिसतात का सांगा.” नाही दिसत, हे खरंच. सही न करता कागद परत दिला आणि ते जरा घुश्शातच गेले.

बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी खाताना हिने विचारलं, “मग नेमकं काय म्हणणं आहे तुमचं?” म्हणणं काहीच नव्हतं. म्हणून ही वही.

पहिल्याच पानावर एक गोष्ट लिहून ठेवतो. टॉवर निर्दोष निघावा असं मला आतून वाटतंय. ज्या कामाची भाकरी खाल्ली त्याला कुणी नावं ठेवली की टोचतं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा. मीही ठेवायचा प्रयत्न करतो.

२१ ते २४ जानेवारी

पहिली मोजणी वाया गेली. आवरून, चहा घेऊन साडेनऊला निघालो. कॉलनीत आणि आसपास बारा ठिकाणी दहा-दहा मिनिटं उभा राहिलो. एकूण चिमण्या नऊ. सेक्रेटरी भेटले, त्यांना आकडा सांगितला, त्यांचा चेहरा खुलला.

मग बुधवारी दूध आणायला सातला बाहेर पडलो तर डेअरीच्या कोपऱ्यावर, जिथे रविवारी शून्य लिहिलं होतं तिथे, चौदा. उन्हं चढली की त्या पांगतात, सावलीत बसतात, आवाजही कमी होतो. ही गोष्ट आजीलासुद्धा माहीत असेल, मला एक रविवार घालवून कळली.

आता नियम: सव्वासातला सुरुवात, नऊच्या आत संपलं पाहिजे. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर मोजायचं नाही. रविवारच ठरवला, कारण शाळेच्या रिक्षांचा गोंधळ नसतो.

२८ जानेवारी

नात आठवीत आहे, तिला सोबत घेतलं. एकाच जागी दोघांनी वेगवेगळं मोजलं. मी ११ लिहिल्या, तिने १९. भांडण झालं. मग बसून शोधलं तर चूक दोघांची निघाली. थवा मेंदीच्या कुंपणातून उडून पलीकडे जाऊन परत यायचा आणि ती परत मोजायची. मी मात्र कुंपणाच्या आतल्या सोडूनच देत होतो. तिला आतला चिवचिवाट ऐकू येत होता आणि मला नाही. सदुसष्टाव्या वर्षी बारीक आवाज कानातून निसटतात हे कबूल करायला अर्धा तास गेला.

नवा नियम: दहा मिनिटांत एका वेळी जास्तीत जास्त जितक्या डोळ्यांना दिसल्या तोच आकडा. आवाजावरून मोजायचं नाही. सगळी मोजणी नातीनेच करायची, मी घड्याळ बघायचं आणि लिहायचं. माणूस बदलला की आकडा बदलतो. तुम्ही हे करणार असाल तर मोजणारा एकच ठेवा.

४ फेब्रुवारी

रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं की निवडलेल्या सगळ्या जागा टॉवरच्या आसपासच्याच आहेत. तिथे चिमण्या कमी निघाल्या तरी त्यावरून काहीच कळणार नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचेच कपडे तपासून ‘ओल पाण्यामुळे’ म्हणण्यासारखं. कोरड्या माणसाचेही तपासायला हवेत.

आजचा अख्खा दिवस स्कूटरवर. गावात किती टॉवर कुठे आहेत ते पाहिलं आणि चार गट केले. जुन्या गावठाणातली माळवदाची घरं, टॉवर जवळ. तशीच घरं, टॉवर लांब. नवी आरसीसी कॉलनी, टॉवर जवळ. तशीच कॉलनी, टॉवर लांब. प्रत्येक गटात सहा जागा, एकूण चोवीस. एका सकाळी चोवीस होत नाहीत, म्हणून दोन लागोपाठचे रविवार मिळून एक फेरी धरायची. पेट्रोल खिशातून.

१८ फेब्रुवारी

पहिली खरी फेरी पूर्ण. सहा-सहा जागांची बेरीज अशी आली: गावठाण टॉवर जवळ ७१, गावठाण टॉवर लांब ६४. कॉलनी टॉवर जवळ ५, कॉलनी टॉवर लांब ३.

वही बंद केली आणि हिला म्हटलं, सुटला टॉवर. गावठाणात टॉवर डोक्यावर असून बक्कळ चिमण्या, आणि कॉलनीत टॉवर असो नसो, शुकशुकाट. इतका खूश झालो की संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी जाऊन आकडे दाखवले. ते शांतपणे म्हणाले, “काका, तुम्ही खात्याचे माणूस.”

राग आला. पण परत येताना दुसराच किडा डोक्यात शिरला. ज्याने एकतीस वर्षं हेच काम केलं त्याला हे आधी सुचायला हवं होतं. टॉवरच्या बुडाशी लहरी सगळ्यांत जास्त असतात असं नाही. अँटेना आडव्या दिशेने फेकते, जरा खाली झुकवलेली असते. अगदी पायथ्याशी कमी आणि समोरच्या शे-दीडशे मीटरवरच्या गच्चीत जास्त, असं सहज होतं. म्हणजे माझे ‘जवळ’ आणि ‘लांब’ हे गटच कच्चे.

२५ फेब्रुवारी

लहरी मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं, १,८५० रुपये. एका जागी तीनदा धरलं तर तीन वेगळे आकडे. खिशातला फोन बंद केला तर चौथा. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हजवळ नेलं तर काटा टोकाला. मात्र माझी शंका खरी निघाली. टॉवरच्या खालच्या पानटपरीपेक्षा दोन गल्ल्या पलीकडच्या गच्चीत आकडा दर वेळी जास्तच यायचा. यापलीकडे त्या यंत्रावर विसंबून काही लिहिण्यात अर्थ नाही. पैसे गेले.

आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. ती माणसांसाठी ठरवलेली आहे. पक्ष्यांवर आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे तपासायला पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये समितीही नेमली होती. म्हणजे प्रश्न अगदीच वेडगळ नाही. माझ्या चोवीस जागांवरून त्याचं उत्तर निघत नाही, एवढंच. टॉवर सुटला हे वाक्य वहीत खोडलं. त्याच्या जागी लिहिलं: कॉलनीत चिमण्या का नाहीत, हे टॉवरच्या अंतरावरून कळत नाही.

१० मार्च

गावठाणात काय आहे जे कॉलनीत नाही? माझं पहिलं उत्तर लगेच तयार होतं: घरं. माळवदाच्या घरात तुळया असतात, किलचणाच्या फटी असतात, कोनाडे, वळचण. चिमणीला घर करायला जागाच जागा. आमच्या कॉलनीत गुळगुळीत गिलावा, स्लायडिंगच्या खिडक्या, आत पीओपी. फोटोसुद्धा आता भिंतीला चिकटवून लावतात. पूर्वी खिळ्यावर तिरका लटकायचा आणि मागे हमखास काड्या असायच्या.

पण मागच्या महिन्यात एकदा ‘सुटला’ म्हणून तोंडघशी पडलोय. म्हणून आणखी जागा घेतल्या. जिथे घरं जुनी आहेत पण बाकी काही नाही, अशी जागा हवी होती. गावठाणातच एक गल्ली मिळाली. बहुतेक घरांना कुलपं, माणसं पुण्याला गेलेली, किराणा दुकान नाही, जनावर नाही. भोकं भरपूर. उलट बाजूने, घरं नवी पण शेजारी म्हशींचा गोठा, असा कॉलनीचा एक कोपरा. आणि आडत बाजार, जिथे मोठा टॉवर आहे, घरं नाहीतच, पत्र्याची शेड आणि धान्य.

कुलपाच्या गल्लीत चार जागांवर १७. गोठ्याजवळच्या तीन जागांवर १९. आडत बाजारात नुसत्या सहा जागांवर ११८. तिथे मोजताना नातीने दोनदा हात टेकले.

म्हणजे नुसत्या भोकांनी भागत नाही. कुलपाच्या गल्लीत जागेमागे जेमतेम चार, भरल्या गावठाणात अकराच्या वर. आणि भोकं नसलेल्या नव्या घरांतही शेजारी म्हशी असल्या की सहा. त्या राहतात कुठे? एक घरटं दुकानाच्या शटरच्या वरच्या पेटीत, एक विजेच्या मीटरच्या खोक्यात, एक गोठ्याच्या पत्र्याखालच्या पोकळ पाइपात. आडत बाजारातला किस्सा तर सांगायलाच हवा. तिथल्या टॉवरला केबल वर नेणारी लोखंडी पट्टी आहे, तिच्या सांध्यातच चिमणीने संसार मांडलाय. फोटो काढून सेक्रेटरींना पाठवायचा मोह आवरला. एका घरट्याने काही सिद्ध होत नाही. माणसं कारखान्याच्या चिमणीखालीही राहतात.

२० मार्च, बुधवार

आज जागतिक चिमणी दिवस. २०१० पासून पाळतात, आणि ही कल्पना नाशिकची. कॉलनीत कार्यक्रम झाला. लाकडी खोपे लावायचे ठरले आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

सुताराकडून प्लायवूडचे बारा खोपे करून घेतले, प्रत्येकी २४० रुपये, एकूण २,८८०. सात कॉलनीत आणि पाच गावठाणात लावले. घाईत मी दोन चुका केल्या. सुताराला भोकाचं माप सांगितलंच नाही, त्याने हाताशी असलेल्या कटरने दोन इंची पाडलं. आणि खिळे ठोकायला सोपं गेलं त्या भिंतीवर, म्हणजे पश्चिमेला लावले. बार्शीत. एप्रिलच्या तोंडावर.

७ एप्रिल

कॉलनीतल्या सातपैकी तीन खोप्यांत साळुंक्या. दोन इंची भोक म्हणजे त्यांना आग्रहाचं आमंत्रणच. दोन खोप्यांत चिमण्यांची जोडी येते-जाते, त्यातला एक आमच्याच बाल्कनीतला. दोन रिकामे.

गावठाणातल्या पाचही खोप्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिथे घराघरांत फटी असताना प्लायवूडच्या डब्यात कोण जाईल? जिथे चिमण्या भरपूर तिथे खोपा लावून फोटो काढणारे खूप बघितले, आता त्यात मीही.

रिकाम्या खोप्यांवर आतून ३२ मिलिमीटर भोकाच्या पट्ट्या मारून घेतल्या. उरलेल्या पट्ट्या साळुंक्यांची वीण संपल्यावर मारायच्या ठरवलं. बारा पट्ट्यांचे ३६० रुपये. हे माप पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर फुकटात झालं असतं.

२१ एप्रिल

बाल्कनीतल्या खोप्यात चार अंडी होती, तीन पिल्लं निघाली होती. आज सकाळी तिन्ही मेलेली. पाच-सहा दिवसांची असतील, पिसांची नुसती कोंब फुटलेली. नात क्लासवरून आल्यावर काय सांगायचं यावर घरात बराच वेळ चर्चा झाली. तिने दप्तर ठेवायच्या आधीच खोप्याकडे पाहिलं होतं.

कारण मी लगेच ठरवलं: ऊन. हवा बेचाळीस अंशांवर, खोपा पश्चिमेला, प्लायवूड तापलेलं. वही समोर असताना, इतके महिने हेच करत असताना, पुन्हा एकदा पहिलं सुचलेलं कारण तेच खरं धरलं.

खोपा रिकामा झाल्यावर, जोडी आत-बाहेर करत नाही याची खात्री करून उत्तरेच्या भिंतीला, छज्जाखाली हलवला. वर पोत्याचा तुकडा टाकला. अंडी किंवा पिल्लं असताना खोपा अजिबात हलवू नका, जोडी सोडून जाते.

१२ मे

त्याच खोप्यात दुसरी वीण. सावली आहे, हात लावला तर डबा गार आहे. तरीही दोन पिल्लांतलं एक गेलं. दुसरं किरकिर करतंय पण जोर नाही.

मग सकाळी खुर्ची टाकून बसलो. काय आणतात ते बघायला. तीन दिवस, रोज सकाळी एक तास. गावठाणात गवळी मामांच्या गोठ्यावर पिल्लांचं घरटं होतं, तिथे नातीला बसवलं, तेवढाच वेळ.

तिच्याकडे तीन तासांत ५८ फेऱ्या. त्यातल्या ४१ वेळा चोचीत किडा, अळी, माशी असं काहीतरी, ९ वेळा धान्य किंवा शिळं अन्न, ८ वेळा दिसलं नाही. माझ्याकडे ३९ फेऱ्या. किडा-अळी फक्त ११ वेळा. २१ वेळा भाताची शितं, शेव, पावाचा चुरा. ७ वेळा कळलं नाही.

तो भात कुठला? आमचाच. बाल्कनीच्या कठड्यावर ही रोज भात आणि तांदळाची कणी ठेवते, खोपा लावल्यापासून तर न चुकता. ‘एक घास चिऊचा’ म्हणत सगळ्यांना वाढवलं, मग चिऊच्या पोरांना भात चालणार नाही हे कुणाच्या डोक्यात येणार? मोठ्या चिमणीला धान्य चालतं. पिल्लांना पहिले काही दिवस किडेच लागतात, त्याशिवाय अंग धरत नाही. आई-बापांना अळी शोधायला दूर जावं लागतं आणि भात चार पावलांवर, मग ते भातच कोंबतात.

हे हिला सांगताना मला फार वाईट वाटलं. ती काही बोलली नाही, वाटी आत नेली. संध्याकाळी म्हणाली, “म्हणजे मीच मारली का?” मी म्हटलं, नाही, अळ्या असत्या तर भात कुणी उचलला नसता. हे मला बऱ्यापैकी खरं वाटतं. पण एका घरट्यावरून शपथेवर सांगणार नाही.

उरलेलं पिल्लू उडालं का ते दिसलं नाही. एका सकाळी खोपा रिकामा होता.

१९ मे

किडे का नाहीत हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कॉलनीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. फटीतून गवत उगवलं की महिन्यातून एकदा तणनाशकाचा फवारा, त्याची वर्गणी मीही देतो. बागेत शोभेची झाडं, ज्यांची पानं इथली अळी खात नाही म्हणूनच ती लावलेली. गाजरगवतसुद्धा नाही.

गवळी मामांकडे उकिरडा, गोमूत्राची नाली, कडब्याची गंज, मागे कुणाचा तरी तुरीचा तुकडा. वास येतो म्हणून कॉलनीवाले त्यांच्या विरोधातही अर्ज करणार होते. ते म्हणाले, “मास्तर, म्हशी गेल्या की ह्या पण जातील. ह्यांना काय माझं कौतुक हाय व्हय?” मी मास्तर नाही हे त्यांना अनेकदा सांगून झालंय.

१४ जुलै

पाऊस बरा आहे. जूनच्या सुरुवातीला गच्चीत सहा मोठ्या कुंड्या आणि कंपाउंडच्या कडेला चवळी, राजगिरा, मेथी, दोन शेवग्याची रोपं लावली होती. माती, कुंड्या, रोपं मिळून ७८० रुपये. काहीही फवारायचं नाही असं ठरवलं.

चवळीवर महिन्याभरात मावा आला. एरवी मी कडुनिंबाचा अर्क घेऊन धावलो असतो. आता रोज सकाळी कुठवर पसरला ते आनंदाने बघतो. चिमण्या येतात, शेंड्याला लोंबकळून टिपतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा नातीला हाक मारली तर माझ्या हाकेनेच उडाल्या.

शेवग्याचं मात्र चुकलं. पानं अजून कोवळी असतानाच केसाळ अळ्या आल्या, त्या कंपाउंडवरून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेल्या, आणि त्यांच्या मुलाच्या मानेवर गांधी उठल्या. चिमण्या त्या केसाळ अळ्यांना तोंडही लावत नाहीत. दोन्ही रोपं काढली, शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला पण साखर कमी होती. तुम्ही लावणार असाल तर चवळी, राजगिरा, फुलोऱ्यावर येऊ दिलेली मेथी-कोथिंबीर लावा. शेवगा घरापासून लांब.

कॉलनीच्या बैठकीत तणनाशक बंद करायचं सुचवलं. साप येतील म्हणून नामंजूर. पाठच्या पडीक प्लॉटला तेवढी सवलत मिळाली.

२५ ऑगस्ट

इतके दिवस एक गोष्ट टाळत होतो. चिमण्या ‘कमी झाल्या’ हे मुळात मला कुठून माहीत?

गावठाणातल्या जुन्या आठ माणसांना विचारलं. सगळे म्हणाले, पूर्वी हजारोंनी होत्या. कुणी मोजल्या होत्या का? हसले. एक आजी मात्र वेगळं बोलल्या. “आमच्या घरात सात घरटी असायची. आता घरात एक नाही. पर दारात तेवढ्याच हायेत की.”

हे डोक्यात बसलं. आपण चिमण्या बघायचो त्या घरात. फोटोमागे, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पंख्याच्या वाटीत, आरशावर चोच मारताना. दारं-खिडक्या दिवसभर उघड्या असायच्या. घरं बदलली, जाळ्या आल्या, चिमणी बाहेर राहिली. खिडकीतून दिसेना झाली की आपण म्हणतो, गावातून गेली. आडत बाजारातल्या एकशे अठरांना हे कुणी कळवलेलं नाही.

कॉलनीच्या जागी तीस वर्षांपूर्वी ज्वारीची शेतं होती. तिथे तेव्हा चिमण्या किती होत्या हे कुणीच सांगू शकत नाही, कारण तिथे कुणी राहतच नव्हतं. मग ‘कॉलनीतल्या चिमण्या नामशेष झाल्या’ हे वाक्य कशाच्या जोरावर?

कमी झाल्याच नाहीत असं मला म्हणायचं नाही. २०२० साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी गोळा करून जो अहवाल आला, त्यात गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणी एकूण देशात साधारण स्थिर दिसली, पण मुंबईसह सहा महानगरांत घटलेली. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स बागेत १९२५ साली २,६०३ चिमण्या मोजल्या होत्या आणि २००० साली त्याच बागेत ८. ते घट झाली म्हणू शकतात, कारण त्यांच्याकडे १९२५ ची वही आहे. आणि वही असूनही कारण सापडेना, म्हणून २००० सालीच तिथल्या एका वर्तमानपत्राने कारण पटवून देणाऱ्याला पाच हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. त्यांच्याकडे पहिली घट तर १९२० च्या दशकातच दिसली, रस्त्यावरचे घोडे गेले आणि सांडणारे ओट गेले तेव्हा. खेड्यांकडची घट १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, मोबाइल यायच्या आधी. पुढे लेस्टर शहरात घरटी तपासली तर तिथे पिल्लं किड्यांवाचून उपाशी मरत होती. लंडनमध्ये २०१९ साली पक्ष्यांच्या मलेरियाकडे बोट दाखवलं गेलं. एकाच पक्ष्याची एकाच देशात अशी वेगवेगळी कारणं.

आपल्याकडे मात्र एकच टॉवर.

१५ सप्टेंबर

अर्ज गेला. मी सेक्रेटरींना विनंती केली होती की तब्येत आणि इमारतीचा भार ठेवा, त्यावर तज्ज्ञाकडून तपासणी मागा, पण चिमण्यांचं वाक्य काढा, त्याला आपल्याकडे आधार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काका, पहिली दोन कारणं सगळेच देतात. चिमणी म्हटलं की अर्जाला वजन येतं.” वाक्य राहिलं. सह्या एकसष्ट. त्यात माझी नाही, हिची आहे. तब्येतीच्या कारणासाठी केली म्हणते. तो तिचा हक्क आहे.

१२ जानेवारी २०२५

वर्षानंतरची फेरी. नात आता नववीत, क्लास बुडवून आली, घरी सांगू नका. तेच नियम, त्याच जागा, लागोपाठचे दोन रविवार.

गावठाण टॉवर जवळ ६६, टॉवर लांब ५२. कॉलनी टॉवर जवळ ९, टॉवर लांब ३. गोठ्याजवळ २१. कुलपाच्या गल्लीत १२. आडत बाजारात १०९, पण त्या दिवशी आवक कमी होती.

कॉलनीतल्या नवापैकी सहा आमच्या गच्चीच्या आसपास आणि पाठच्या पडीक प्लॉटवर दिसल्या. पाचाच्या नऊ झाल्या म्हणजे जवळपास दुप्पट, असं सेक्रेटरींना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. चार चिमण्यांचा फरक सकाळच्या एका मांजरानेही पडतो.

टॉवर-लांबच्या गावठाणात बारा कमी का, ते बघायला परत गेलो. मोजणीच्या एका जागेसमोरचं माळवद पाडलंय, तिथे पार्किंगसकट तीन मजली इमारत उठतेय. जागा बदलायची नाही असं ठरवलं. तिथेच उभं राहून पुढच्या वर्षीही मोजायचं.

आतापर्यंतचा खर्च: खोपे २,८८०, पट्ट्या ३६०, बिनकामाचं यंत्र १,८५०, वह्या आणि झेरॉक्स १४०, माती-कुंड्या-रोपं ७८०. एकूण ६,०१० रुपये. पेट्रोल धरलेलं नाही. यातलं नुसतं मोजायला लागलं ते फक्त १४० रुपये.

बाल्कनीतल्या खोप्यावर चिमणा बसून ओरडतोय, गळ्याचा काळा पट्टा चांगला रुंद आहे. भाताची वाटी आतच आहे. पंख्याची जाळी बसवायची राहिलीय, ते उद्या.